मॅनेजरच्या पाठीवर पाय

कडूबा : ठेव म्हणतो ना पाय. हलकासा. माह्या कंबरेवर ठेवल्ता तसाच.

गोविंदा : काका, तुमी माणूस हाय. हे कुत्रं हाय.

कडूबा : कंबर ते कंबरच असते बे. माही उभी, त्याची आडवी. एवढाच फरक.

गोविंदा : अजून एक फरक हाय. तुमी चावत नाई.

पूनम : भाऊजी, पाय खाली घ्या आधी. मी फोन करायला गच्चीवर गेले तेव्हापासून तुम्ही एका पायावर उभे आहात.

गोविंदा : खाली घ्याचंच भेव लागून राह्यलं, वहिनी. खाली घेतला का तो मॅनेजरच्या तोंडापाशी येते. वर हाय तोवर माह्या मालकीचा हाय.

कडूबा : पायाळू माणूस अन् पाय टाकाले भेते. अख्ख्या गावाले लाथा घातल्या तू.

गोविंदा : लोकाइनंच घालाले लावल्या. पायाकडून जन्मलो ते काय मी ठरवून जन्मलो? कोणाले उसण भरली, कोणाची पाठ धरली, का बलावते. जुन्या सरपंचाले लाथ मारली तं त्यानं मले नारळ देल्ला. पण आजपर्यंत एकाही कुत्र्यानं मले बलावलं नाई.

पूनम : आजही त्यानं नाही बोलावलं. मामाजींनी बोलावलं.

गोविंदा : अन् निरोप तरी कसा! मी तुरीत उभा, तं बांधावरून पोट्टं ओरडते, 'कडूबाकाकानं सांगतलं, पाय घेऊन ये.' जसं का मी पाय घरी ठेवून येत असतो. मले वाटलं काकाचीच कंबर धरली. इथं येऊन पाह्यतो तं हा पडलेला.

कडूबा : डॉक्टरीण काय म्हणाली ते सांग, पूनम. लागला का फोन?

पूनम : लागला. एक हात पाण्याच्या टाकीवर ठेवला तेव्हा कुठं रेंज आली. चिखलीच्या जनावरांच्या दवाखान्यातच आहेत मॅडम. पहिल्यांदा नाव विचारलं. मी मॅनेजर म्हटलं, तर म्हणाल्या, पेशंटचं नाव सांगा, हुद्दा नको.

कडूबा : हुद्दाच हाय त्याचा. दिवसभर दारात बसते, कोणाचंच काम करत नाई, अन् समदे त्याले भेते.

पूनम : मग म्हणाल्या, आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही करू नका.

कडूबा : काही करू नका हे सांगाले डॉक्टर कशाले पाह्यजे? काही न करणं गावात समद्याइलेच येते.

पूनम : मामाजी, ऐका तरी. पाठीवर दाब नाही, मालिश नाही, तेल नाही, वीट तापवून शेकणं नाही. मान धरून उठवायचं नाही. चालवून तर अजिबात पाहायचं नाही. मणका सरकला असेल अन् आपण वरून हात चालवला, तर आतली शीर दबते. मग मागचे पाय जातात. कायमचे.

कडूबा : चालवून पाह्याचं नाई?

पूनम : नाही.

कडूबा : मी तं सकाळीच पाह्यलं.

पूनम : चालवलं?

कडूबा : तू पाणी भराले गेल्ती तवा. म्हटलं आळस करून राह्यला. दोन पावलं चालला. मंग मागचे पाय एकमेकात गुतले, प्यालेल्या माणसावानी. अन् बसला. मले वाटलं लाजला.

गोविंदा : कुत्रं लाजत नाई, काका.

कडूबा : हा लाजते. तुले काय माहीत.

गोविंदा : पडला कसा पण? बसून राहणारं जनावर.

पूनम : वानर आलं होतं पहाटंच. पपईवर. हा मागं लागला. वानर ट्रॉलीवर चढलं, हाही चढला. वानर गोठ्याच्या टिनावर गेलं, हाही गेला. मग वानर टिनावरून कडुनिंबावर गेलं.

गोविंदा : अन् हा?

पूनम : हाही गेला. पण याला फांदी धरायला हात नाहीत, हे याला मधे हवेत लक्षात आलं.

गोविंदा : अरे राम.

पूनम : पाठीवर पडला. ओरडला एकदाच. तेव्हापासून आवाज नाही. मान बघा कशी पुढं आखडून धरली. पाठ कमान झाली. डोळे तेवढे फिरवतो. अन् मॅडमनी विचारलं, माणसाची गोळी-बिळी दिली का काही. मी नाही म्हटलं. बरोबर म्हटलं ना, मामाजी?

कडूबा : बरोबरच म्हटलं असंन तू.

पूनम : मामाजी.

कडूबा : अर्धी.

पूनम : काय अर्धी?

कडूबा : माही. कंबरेची. पांढरी. सकाळी गुळात घालून त्याच्या तोंडात देली. मले अर्ध्या तासात बरं वाटते त्यानं.

पूनम : आई गं. मामाजी, आपली दुखण्याची गोळी कुत्र्याला विष होते. पोटात रक्त येतं, किडनी जाते. मॅडमनी दोनदा विचारलं, गोळी नाही ना, गोळी नाही ना. अन् मी छाती ठोकून नाही म्हटलं.

कडूबा : मले काय माहीत. मी तं माह्या वाटणीची देली. आज माहीच कंबर दुखून राह्यली.

गोविंदा : पण काका, गिळली का त्यानं?

कडूबा : गूळ गिळला. गोळीचं मी कसं सांगू? मी त्याच्या पोटात नव्हतो.

गोविंदा : मंग ते काय दिसून राह्यलं?

पूनम : कुठं?

गोविंदा : हनुवटीखाली. केसाइले चिकटलं. पांढरं. गुळासकट.

पूनम : तीच आहे. काढा.

गोविंदा : कोण?

पूनम : तुम्ही. तुम्हीच जवळ आहात.

गोविंदा : मी पायाचा माणूस हाय, वहिनी. हातानं मी काही करत नाई.

पूनम : सरका. चुलीजवळचा चिमटा द्या. तो नाही, लांबवाला. मामाजी, तुम्ही बोलत राहा त्याच्यासंगं. हात नका लावू. नुसतं बोला.

कडूबा : मॅनेजर. ए मॅनेजर. तिकडं पाहू नोको, माह्याकडं पाह्य. ती आपली पूनम हाय. ती मारत नाई कोणाले. मलेही मारत नाई, वाटत असंन तरी. पाह्य, वानेर गेलं. गेलं ते. पपई खाऊन गेलं लेकाचं, अर्धी खाल्ली अन् अर्धी टाकली. तू बरा झाला का आपण त्याच्या बापाले धरू.

गोविंदा : गुरगुरते, वहिनी. ओठ वर गेले. समदे दात हायेत त्याले, मी मोजून राह्यलो.

पूनम : झालं. निघाली.

गोविंदा : पूर्ण अर्धी हाय का?

पूनम : एक कोपरा विरघळला. चाटला असेल. हे मॅडमला सांगावं लागेल.

कडूबा : कोपऱ्यानं काही होत नाई.

पूनम : कशानं काय होतं हे आपल्याला माहीत नाही, मामाजी. म्हणून तर सांगायचं. आता गळ्यातला पट्टा काढायचा. मानेला ताण नको.

कडूबा : तो पट्टा कापाचा नाई.

पूनम : कापत नाही. सोडते.

कडूबा : तुह्या सासूनं जुन्या नाड्याचा विणेल हाय तो. गाठ तिचीच हाय, तुले सुटाची नाई. सरक. मी सोडतो.

पूनम : मान हलू देऊ नका.

कडूबा : हलत नाई. हा पाह्य, माह्या मनगटावर दात ठेवले त्यानं.

गोविंदा : काका!

कडूबा : ओरडू नोको बे. ठेवले म्हणतो. दाबले नाई. नुसते ठेवले. सांगून राह्यला का मी चावू शकतो. मले माहीत हाय रे, बापा. मले माहीत हाय. निघाला. हा घे पट्टा. अंगात लय कापरं भरलं त्याच्या.

पूनम : घेतला. आता हात बाजूला घ्या, मामाजी.

कडूबा : बरं, झालं ना आता समदं? गोळी काढली, पट्टा काढला. गोविंदा, ये.

पूनम : कशाला ये?

कडूबा : पाय ठेवाले.

पूनम : मी इतका वेळ काय सांगत होते? कारभारी टेम्पोवाल्याला फोन केला मी. त्याचा छोटा हत्ती चिखलीलाच चालला आहे, दहा मिनिटांत दारात येतो. दवाखान्यात न्यायचं.

कडूबा : दवाखान्यात नाई न्याचं.

पूनम : का?

कडूबा : नाई म्हणजे नाई.

गोविंदा : काऊन पण, काका?

कडूबा : जानरावची कुत्री आठवते तुले? काळी. तिचेही मागचे पाय गेल्ते. मोटरसायकलीनं उडवली. तिले नेलं दवाखान्यात. जानराव जाताना दोघं होते. आला तवा हातात नुसती साखळी होती. मी विचारलं, कुत्री कुठी? तं म्हणते, सुई देली काका, तिले तरास नोको म्हणून. तिचा तरास गेला म्हणते. जानरावचा तरास कोणी पाह्यला?

पूनम : मामाजी…

कडूबा : तुह्या सासूले जाऊन तीन वर्सं झाली. घरात मी काय बोलतो? जेवण झालं का, हाव. पाणी तापलं का, हाव. बाकी समदं बोलणं मी याच्यासंगं करतो. हा पायाशी निजते. रात्री कुशी बदलली का हाही बदलते. तिकडं नेला अन् त्याइनं म्हटलं तरास नोको, तं मी काय साखळी घेऊन येऊ? याले तं साखळीही नाई. म्हणून म्हणतो, गोविंदा, ठेव पाय. घरच्या घरी. माही कंबर त्यानंच बरी झाली. तू देवाचा पाय घेऊन जन्मला, लेका. एकडाव ठेव.

गोविंदा : काका, एक विचारू?

कडूबा : विचार.

गोविंदा : मी तुमच्या कंबरेवर पाय ठेवला तवा तुमी काय म्हणले?

कडूबा : काय म्हणलो?

गोविंदा : पहिले म्हणले, थोडा खाली. मंग म्हणले, डाव्या अंगाले. मंग म्हणले, बस बस बस, मारून टाकतं काय लेका. मी थांबलो. समद्याइचं असंच असते, काका. मले आतलं काहीच समजत नाई. कुठी शीर, कुठी हाड, कुठी काय. मी नुसता पाय ठेवतो. माणूस सांगते अन् मी थांबतो. आता हा मले काय सांगीन?

कडूबा : हा चावीन.

गोविंदा : चावीन ते मोडल्यावर चावीन.

कडूबा : मंग हळू ठेव.

गोविंदा : मी नाई ठेवत, काका. तुमी मले शिव्या द्या, वाळीत टाका. नाई ठेवत.

कडूबा : मंग सुई नाई ना देणार ते?

पूनम : मला माहीत नाही, मामाजी. मी खोटं नाही बोलणार. त्याला तपासल्याशिवाय त्यांनाही माहीत नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी काही देणार नाही. एवढं मी बघते. मधे उभी राहते.

कडूबा : कारभारी किती वेळात येते म्हणली?

पूनम : येईलच आता. त्याच्याआधी याला सपाट फळीवर घ्यायचा. याच्याहून लांब पाहिजे. मधे वाकायला नको.

गोविंदा : खाटेवर घेऊ.

पूनम : खाटेची झोळी होते. पाठ वाकते.

गोविंदा : घडवंची?

पूनम : आखूड आहे. शेपूट अन् डोकं बाहेर जातं. संडासाचं दार काढू. फायबरचं आहे, हलकं, सपाट. दोन कड्यांवर तर आहे, उचललं की निघतं.

कडूबा : संडासाचं दार?

पूनम : हो.

कडूबा : मंग मी जाऊ कुठी?

पूनम : तुम्ही दवाखान्यात येत आहात.

कडूबा : तठून आल्यावर?

गोविंदा : काका, दाराशिवायही जाता येते. आपले आजे-पंजे कोणी दार लावत नव्हते.

पूनम : त्यावर ही गोधडी टाका. आता नीट ऐका. याला उचलायचं नाही. अंगाखाली आहे तीच चादर हळूहळू ओढत दारावर सरकवायचं, सगळं अंग एकदम. डोकं पुढं अन् कंबर मागं, असं नाही. सगळं एका रेषेत. धापा टाकतो आहे, म्हणून मॅडम म्हणाल्या, तोंड बांधू नका, श्वास अडकेल. गोधडीच्या मोकळ्या टोकाची घडी करून मधे धरायची. चावला तर घडीला चावेल. भाऊजी, तुम्ही कोणती बाजू घेता?

गोविंदा : शेपटीची.

पूनम : मी डोक्याकडं. मामाजी, तुम्ही नुसते त्याच्या डोळ्यासमोर बसा. एक, दोन…

गोविंदा : थांबा. तीनवर ओढाचं का तीन झाल्यावर?

पूनम : तीनवर.

गोविंदा : माह्यासाठी देवाचं नाव घ्या कोणीतरी.

पूनम : तीन.

कडूबा : झालं रे, झालं. झालं. ओरडलाही नाई. गुणाचं माह्यं लेकरू.

गोविंदा : वहिनी, ओरडला काऊन नाई पण? दुखलं तं पाह्यजेच ना?

पूनम : कारभारीचा हॉर्न वाजला. चला.

०

कडूबा : कारभारी, हळू घे बे! मागं माणूस हाय!

गोविंदा : काका, ते काचेच्या आत हाय. त्याले ऐकू येत नाई. तुमी खुर्चीतून उठू नका, पडसान.

कडूबा : खुर्ची तं दुसरी देयाची होती त्यानं.

गोविंदा : दुसरी कुठून देईन? लग्नाचं सामान घेऊन चालला तो. दोन खुर्च्या हाय, एक नवरदेवाची अन् एक नवरीची. तुमी नवरदेवाच्या खुर्चीवर बसले. लालच चांगली दिसते तुमाले.

कडूबा : समदं गाव पाहून राह्यलं होतं. म्हणत असंन, कडूबा या वयात.

पूनम : मामाजी, मुद्दाम या गाडीत बसवलं. गाद्या आहेत खाली, दारालाही धक्का लागत नाही. भाऊजी, पुढं ब्रेकर आहे. दोन्ही हातांनी धरा.

गोविंदा : धरलं.

पूनम : वर उचला थोडं. गाडीचा धक्का आपल्या हातात येऊ द्या, त्याच्यात नको. आता. सोडा.

कडूबा : डोळे मिटले त्यानं.

पूनम : हळू श्वास घेतो आहे. पोट हलतं, बघा.

गोविंदा : वहिनी, जरा इकडं या. कानात सांगतो.

पूनम : दार सोडता येत नाही. तिथूनच सांगा.

गोविंदा : गोधडी ओली झाली. मागून.

पूनम : केव्हा?

गोविंदा : आताच. पण त्याले समजलंच नाई. त्यानं शेपूटही हलवली नाई, पायही नाई. जसं का दुसऱ्याच कोणाचं होतं.

कडूबा : काय कुजबुज करून राह्यले?

पूनम : काही नाही. लघवी केली त्यानं.

कडूबा : मंग चांगलंच हाय ना? काही अडलं नाई.

पूनम : हो.

कडूबा : तू 'हो' असं म्हणली जसं का 'नाई' म्हणली.

पूनम : रस्ता खराब आहे, मामाजी. म्हणून बोलता येत नाही.

कडूबा : गोविंदा, त्याच्या मागच्या पायाले हात लाव. उचलू नोको, नुसता लाव. गरम हाय का?

गोविंदा : …कोमट हाय.

कडूबा : कोमट म्हणजे गार?

गोविंदा : कोमट म्हणजे कोमट, काका. वारा लागून राह्यला, म्हणून असंन.

कडूबा : तुह्या हाताले मॅनेजर चावला नाई.

गोविंदा : नाई.

कडूबा : तू त्याच्या पायाले हात लावला अन् तो चावला नाई. तुले तं तो रस्त्यानं जाऊ देत नाई. सायकलीवरून उतरून पळतं तू.

गोविंदा : आज मूड नसंन.

कडूबा : चावाले पाह्यजे होता.

पूनम : मामाजी, चिखली आली. पाण्याची टाकी दिसते. आलंच.

०

कडूबा : मले आत काऊन नाई घेतलं?

पूनम : मलाही बाहेर काढलं, मामाजी. मालक जवळ असला की कुत्रं मालकापायी आवाज करतं. दुखण्यानं करतं का मालकाच्या लाडानं, ते मग कळत नाही. आत मॅडम अन् दोन माणसं आहेत. एकानं गोधडी धरली आहे, दुसरा कंपाउंडर आहे.

कडूबा : गोळीचं सांगतलं का?

पूनम : सांगितलं. कोपऱ्याचंही सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, नाहीतर आम्ही वरून दुसरं औषध दिलं असतं अन् दोन्ही भिडली असती. अन् विचारलं, चालवल्यानंतर कोणी पाठ दाबली का. मी म्हटलं, नाही. एक पाय वर होता, पण खाली नाही आला.

कडूबा : मंग आता काय करून राह्यले आत?

गोविंदा : मी खिडकीतून पाह्यतो. उंच हाय, पण चौथऱ्यावर चढलो का दिसते. तुमी येता का, काका? दोघं मावतो.

कडूबा : नाई. मी इथंच भिंतीकडं तोंड करून बसतो. तू पाह्य अन् सांग. वाईट असंन ते हळू सांग.

गोविंदा : मॅडम पाठीवर बोटं फिरवून राह्यल्या. अल्लाद. एक-एक मणका. आता मधे थांबल्या. तिथंच थांबल्या. दुसऱ्याले काही सांगतलं. आता त्याचा मागचा पाय उलटा ठेवला. पंजा मुडपून.

पूनम : सरळ केला का त्यानं?

गोविंदा : नाई. तसाच हाय. मुडपलेला. आता एक चिमटा घेतला. लोखंडी. कैचीवानी.

कडूबा : चिमटा कशाले?

पूनम : मामाजी, बसा. मला सांगितलं आहे त्यांनी आधी. मागच्या पायाच्या बोटाला चिमटा लावतात. जोरात. दुखलं की नाही ते पाहायला. चालता येत नसलं तरी चालेल, पण दुखणं डोक्यापर्यंत पोचलं पाहिजे. पोचलं म्हणजे शीर तुटली नाही. मग इलाज आहे. महिना-दोन महिने खोलीत, हलू न देता, औषध, काय ते.

कडूबा : अन् नाई पोचलं तं?

पूनम : पोचेल.

कडूबा : मी विचारलं, नाई पोचलं तं?

पूनम : मग त्या बाहेर येऊन तुमच्याशी बोलतील. मी मधे उभी राहीन म्हटलं ना.

गोविंदा : लावला! लावला चिमटा. पाय ओढला त्यानं! काका, पाय ओढला! वहिनी, झालं!

पूनम : ओरडला का?

गोविंदा : नाई. पण पाय ओढला ना. स्वतः ओढला.

पूनम : ते नाही चालत, भाऊजी. पाय आपोआपही ओढला जातो. मॅडम म्हणाल्या, पायाचं पायालाच कळतं, डोक्याला नाही. त्यानं वळून बघितलं का? कान हलवले का?

गोविंदा : नाई. तो समोर पाहून राह्यला. भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडं.

कडूबा : पूनम, दाबा म्हणावं.

पूनम : काय?

कडूबा : अजून जोरात दाबा म्हणावं. भेऊ नोका म्हणा. मी सकाळपासून देवाले म्हणून राह्यलो का त्याले दुखू नोको, दुखू नोको. मलेच समजत नव्हतं मी काय मागून राह्यलो. मॅनेजर! ए मॅनेजर! ओरड रे बापा. शिव्या दे. चाव त्या बाईले. त्याचा राग नाई येत तिले. ओरड एकडाव.

पूनम : मामाजी, हळू. तुमचा आवाज ऐकून ओरडेल तो. मग मॅडमना कळणार नाही.

कडूबा : मंग तोंड दाबतो मी माह्यं.

गोविंदा : दुसरा पाय घेतला. चिमटा लावून राह्यल्या. दुसऱ्या बोटाले. आता दाबला. मॅडमनं दोन्ही हातानं जोर लावला. काका, तो अजून गायीकडंच…

(आतून कर्कश केकाटणं. काहीतरी टेबलावरून खाली पडल्याचा आवाज.)

गोविंदा : वळला! तोंड वळवलं त्यानं! गोधडी धरली दातात! कंपाउंडरनं ट्रे सोडला. वहिनी, चावला! मॅडम हसून राह्यल्या!

पूनम : ऐकलं, मामाजी? ऐकलं का?

कडूबा : लय दुखलं त्याले.

पूनम : हो. लय दुखलं.

कडूबा : सरक बे, गोविंदा. त्या चौथऱ्यावर मले हात दे.